हातोड्याला न सापडलेला हायड्रोजन

माझी सगळी नोकरी लोखंड मोडण्यात गेली. हे सांगितलं की लोक हसतात, कारण मी अंगानं किरकोळ आणि घरात नारळसुद्धा माझ्या हातून एका फटक्यात फुटत नाही. भाटघरहून एसटीनं निघायचं, कापूरहोळला गाडी बदलायची आणि शिवऱ्याच्या अलीकडे हमरस्त्यालगतच्या एका छोट्या प्रयोगशाळेत उतरायचं, असं एकतीस वर्षं चाललं. त्या जागेला प्रयोगशाळा म्हणायचं म्हणून म्हणायचं. पत्र्याची एक शेड, चार यंत्रं, एक कपाट आणि आमचे जोगळेकर सर.

काम समजायला सोपं आहे. कुठंतरी गॅसची नळी टाकायची असते. तिचं पोलाद कसं आहे ते पाहायला आमच्याकडे तुकडे येतात. त्या तुकड्यांतून बोटाएवढ्या चौकोनी कांड्या कापायच्या, प्रत्येकीच्या मधोमध एक बारीक खाच पाडायची आणि खाचेच्या पाठीवर एक मोठा झुलता हातोडा सोडायचा. कांडी मोडून हातोडा पलीकडे किती वर जातो ते पाहायचं. फार वर गेला तर कांडीनं काही दम दाखवला नाही. थोडाच वर गेला तर तिनं हातोड्याची ताकद खाल्ली, म्हणजे पोलाद चिवट. मोडलेली बाजूही बघायची. चिवट लोखंड करड्या रंगाचं, तंतू ओढल्यासारखं मोडतं. ठिसूळ लोखंड खडीसाखरेसारखं चमकत मोडतं. ती चमक दिसायला सुंदर असते आणि तिच्याइतकी वाईट बातमी आमच्या धंद्यात दुसरी नाही.

यात थंडीचा भाग असा, की तेच पोलाद गार केलं की ठिसूळ होतं. म्हणून स्पिरिटमध्ये कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाकून त्यात कांड्या बुडवून ठेवायच्या, गार केलेल्या चिमट्यानं उचलायच्या आणि पाच आकडे मोजायच्या आत हातोडा सोडायचा. एका ठेकेदारानं मला एकदा विचारलं होतं, "बाई, आपल्याकडं कुठं बर्फ पडतो? कशाला हा उद्योग?" मी त्याला स्वयंपाकाच्या गॅसचं उदाहरण दिलं. सिलिंडरातून गॅस भराभर काढला की सिलिंडराला दव धरतं. मोठ्या नळीतला दाब एकदम सोडला तर भर मे महिन्यात भोरमध्येसुद्धा पाइपावर बर्फ धरतो. त्यानं मान डोलावली आणि तरीही जाताना म्हणाला, "जमलं तर न गार करताच मारा." असे लोक भेटायचे.

थंडी मला पहिल्या वर्षापासून कळली. हायड्रोजन कळायला वेळ लागला.

नोकरीची पाच-सहा वर्षं झाली असतील. एका कारखान्यानं मुलामा दिलेले बोल्ट पाठवले. त्यांची तक्रार अशी, की शनिवारी बोल्ट व्यवस्थित आवळून जावं आणि सोमवारी येऊन बघावं तर चार-पाच बोल्टांची डोकी तुटून जमिनीवर पडलेली. कुणी हात लावलेला नाही. मी ते बोल्ट हातोड्याखाली मोडून पाहिले. आकडे उत्तम. मी सरांना म्हटलं, "सर, बोल्ट चांगले आहेत. त्यांच्याच माणसांनी जास्त आवळले असतील."

सरांनी एक बोल्ट शिकंज्यात धरला, पान्यानं ताण दिला आणि म्हणाले, "आता राहू दे. चहा घेऊ."

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा उघडला आणि मागे टक् असा आवाज झाला. बोल्टाचं डोकं फरशीवर घरंगळत होतं. शेडमध्ये मी एकटी होते. तो आवाज मोठा नव्हता, पण अंगावर काटा आला तो डबा बंद केला तरी गेला नाही.

सरांनी मग समजावून सांगितलं. मुलामा देताना हायड्रोजन लोखंडात शिरतो. त्याचा अणू इतका लहान, की लोखंडाच्या आत तो माणसानं गर्दीतून वाट काढावी तसा सरकत राहतो. जिथं ताण असेल, जिथं केसाएवढी चीर असेल, तिथं जाऊन जमतो आणि तिथली पकड सैल करतो. पण त्याला सवड लागते. "थंडी लोखंडाला झटक्यात मारते, शोभा," सर म्हणाले, "म्हणून ती हातोड्याला सापडते. हायड्रोजन दमानं मारतो. हातोडा पडतो तेवढ्यात त्याला हलायलाही वेळ मिळत नाही. त्याला पकडायचं तर सावकाश ओढून बघावं लागतं." हे मला सरांनी शिकवलं होतं. मी शिकले होते. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

सर निवृत्त झाले. सही करायचा अधिकार माझ्याकडे आला. मग अलीकडे, म्हणजे माझी नोकरी संपायला तीनेक वर्षं उरली असताना, माने नावाचे एक इंजिनिअर आले. वेल्ह्याच्या बाजूला उतारावर सौर पॅनेल लावून, त्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि नळीनं खाली एका कारखान्याला द्यायचा, असं त्यांचं काम होतं. माने हुशार, बोलायला मऊ, कामाचा माणूस. वाईट नव्हेत, हे आजही सांगते. पाइप त्यांनी दुसऱ्या एका गॅसच्या कामातून उरलेले घेतले होते. पोलाद जबर ताकदीचं. त्यांना वाटत होतं ताकद जास्त तेवढं चांगलं. साध्या गॅसला ते खरंही आहे. हायड्रोजन मात्र मऊ पोलादापेक्षा ताठ पोलादालाच लवकर धरतो.

मी कांड्या गार केल्या, मोडल्या. आकडे छान आले. एकही चमकली नाही.

"मॅडम, शेवटी शेरा लिहा ना, योग्य म्हणून," माने म्हणाले.

मी म्हटलं, "हायड्रोजनसाठी वेगळी चाचणी लागते. गॅसमध्ये ठेवून सावकाश ओढायची. आमच्याकडे ते यंत्र नाही. बाहेर पाठवावं लागेल."

"किती दिवस?"

"महिने."

ते म्हणाले, "पाइप तर पुरून झालाय. तुमच्या चाचणीपुरतं लिहा. बाकी आम्ही बघतो."

मला ते बोल्ट आठवले. फरशीवर घरंगळणारं डोकं आठवलं. आणि मी लिहिलं, 'वरील चाचणीनुसार योग्य.' त्यात एक शब्द खोटा नव्हता. खाली सही केली.

सव्वा वर्ष काही झालं नाही. मी ते विसरलेही होते.

मग हिवाळ्यातल्या एका सकाळी बबन धुमाळचा फोन आला. बबन भोरचा वेल्डर. त्या नळीच्या कामावर होता आणि नंतर देखभालीलाही राहिला. तुकडे घेऊन तोच आमच्याकडे यायचा, मला ताई म्हणायचा. एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस, त्या दिवशी आवाज खाली.

"ताई, हितं इंझरच्या वरल्या अंगाला एक धनगराची म्हातारी हाय. ती म्हणतीया, पैपापाशी हवा भाजती. म्या आलोय हितं. मला काय दिसंना, काय वास बी न्हाई. पर गवात काळं पडलंय. तुमी येता का?"

विंझरला ते लोक बोलताना इंझर म्हणतात. मी विचारलं, "मानेसाहेबांना सांगितलंस?"

"फोन लागंना त्यांचा."

"कुणाला जवळ जाऊ देऊ नकोस. तू पण जाऊ नकोस. बिडी पेटवू नकोस," मी म्हटलं आणि लॅबची गाडी काढायला सांगितली.

जागा अशी होती. नळी बाकी सगळी जमिनीखाली, पण तिथं एक ओढा आडवा येतो, तर पंधरा-वीस पावलं ती सिमेंटच्या खांबांवरून उघडी जाते. ओढ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून तारेच्या कुंपणात झडपा. पलीकडे चढावर हिराबाई ढेबे यांचं खोपट आणि शेळ्यांचं वाडगं. हिराबाई सत्तरीच्या असतील. हातात काठी, खोपटासमोर उभ्याच होत्या; बबननं मला लांबून वळसा घालून तिथं नेलं.

"परवाधरनं शेरडं हितनं उतरंनात," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, वाघराचा वास आला आसंल. तर काल येक पाठ पुढं गेली आन् वरडत माघारी आली. तिचं थोबाड बघा."

त्या पाठीच्या, म्हणजे तरण्या शेळीच्या, नाकावरचे केस जळले होते.

मी ओढ्याकडे पाहिलं. लख्ख ऊन. राखाडी पाइप, वर निळं आभाळ, खाली दगड. काहीही नव्हतं. हायड्रोजनची ज्योत उजेडात डोळ्यांना दिसत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं. धूर नाही, रंग नाही. पुस्तकातलं माहीत असणं वेगळं. तिथं उभं राहून मला कळेना की पुढचं पाऊल कुठं टाकलं तर चालेल.

जुन्या लोकांची एक युक्ती सरांनी सांगितली होती. मी हिराबाईंकडे केरसुणी मागितली. बबननं ती एका लांब वेळूला बांधली. तो वेळू पुढे धरून आम्ही दोघं चालू लागलो, मागे-पुढे, एकेक पाऊल. केरसुणी कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी वर. एक खांब गेला, दुसरा गेला. बारीक फुसफुस ऐकू येत होती, पण ओढ्याच्या पाण्याची म्हणावी तर पाण्याचीही असेल.

पाइपापासून दोन हातांवर, रिकाम्या हवेत, केरसुणी भप्पकन पेटली.

बबननं वेळू टाकला. आम्ही माघारी कसे आलो ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की बबन हिराबाईंना म्हणत होता, "मावशे, शेरडं वर काढ, समदी वर काढ," आणि त्या काही न विचारता शीळ घालत चढाला लागल्या होत्या.

नंतर उघड झालं ते असं. पाइप टाकताना जेसीबीच्या दाताचा एक ओरखडा तिथं पडला होता. कुणीतरी वर रंग मारून टाकला. त्या ओरखड्याच्या तळाशी चीर सुरू झाली. ऊन असेल तेव्हा हायड्रोजन तयार व्हायचा, नळीतला दाब चढायचा. ऊन गेलं की उतरायचा. रोज चढ, रोज उतार. प्रत्येक वेळी चीर जराशी उघडायची, हायड्रोजन तिच्या टोकाशी जाऊन बसायचा आणि चीर केसभर पुढे सरकायची. नळीत साधी हवा असती तर हेच व्हायला कितीतरी वर्षं लागली असती. चिरेतून सुटलेला हायड्रोजन पेटायला मग कुठली तरी बारीकशी ठिणगीही पुरली.

मानेसाहेब तासाभरात आले. मी त्यांना सांगितलं, वरची झडप बंद करा, दाब उतरवा, रस्ता अडवा. त्यांनी केलं, वाद घातला नाही. फक्त एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट तुमचाच होता." त्यात राग नव्हता. ते घाबरलेले होते. मीही होते.

आता इथं एक अवघड गोष्ट असते. दाब अगदी संपू दिला तर ज्योत विझते, पण त्या चिरेतून बाहेरची हवा नळीत शिरू शकते, आणि हवा अन् हायड्रोजन आत मिसळले तर अख्खी नळी म्हणजे सुरुंग. म्हणून दाब थोडा असतानाच एका बाजूनं नायट्रोजन सोडून हायड्रोजन ढकलून बाहेर काढायचा. नायट्रोजनचा टँकर दुपारी आला. टँकरात तो पातळ असतो, भयंकर थंड. एका यंत्रातून तो तापवून, वायू करून मगच नळीत सोडायचा असतो. त्याला सावकाशपणा लागतो. आणि तिथं प्रत्येकाला घाई होती. मानेसाहेबांना, टँकरवाल्याला, रस्त्यावर अडकलेल्या टेम्पोवाल्यांना. मलासुद्धा.

बबन झडपांच्या कुंपणात जोडणीपाशी उभा होता. मी रस्त्याच्या कडेला. टँकरवाल्यानं चावी आणखी फिरवली. मी पाइपाकडे बघत होते म्हणून मला दिसलं. जोडणीपासून पाइप पांढरा होत चालला होता. आधी दव, मग पिठासारखा बर्फ. तो पांढरेपणा वीतभर, मग हातभर, उन्हात चमकत पुढे सरकत होता. यंत्राला तेवढा नायट्रोजन तापवता येत नव्हता आणि थंडी सरळ पोलादात उतरत होती. आमच्या कोरड्या बर्फाच्या भांड्यापेक्षा कितीतरी खोल थंडी. त्या थंडीला मी या पोलादाची कांडी कधी मोडून पाहिलेली नव्हती. पण काय होणार ते मला माहीत होतं.

"बंद करा," मी ओरडले. "चावी बंद करा."

टँकरवाला म्हणाला, "अवो बाई, ह्यो नायट्रोजन हाय. ह्यो पेटत न्हाई."

त्याला आगीची भीती शिकवली होती. थंडीची कुणी शिकवली नव्हती.

मी कुंपणात शिरले. बबनची बाही धरून ओढलं. तो माझ्याहून दुप्पट वजनाचा, हलेना. "ताई, काय झालं?" म्हणून माझ्याकडे वळला, म्हणजे पाइपाकडून एक पाऊल सरकला. तेवढंच पाऊल.

घंटेवर घण बसावा तसा आवाज झाला. पाइप जोडणीपासून हातभर उभा फाटला होता आणि पांढऱ्या वाफेनं सगळं भरून गेलं. मी खाली पडले होते. बबन माझ्यावर. झडपेच्या कड्याचा एक तुकडा कुंपणाची तार तोडून रस्त्यापलीकडच्या बांधात घुसला होता. बबन उभा होता त्याच जागेवरून तो गेला होता.

दाब फार नव्हता म्हणून एवढ्यावर निभावलं. टँकरवाल्यानं चावी बंद केली आणि तो चाकाला टेकून मटकन बसला. मानेसाहेब बबनचं डोकं धरून त्याला काहीतरी विचारत होते आणि बबन नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याचा डावा कान त्या दिवशी गेला तो गेलाच.

चौकशी झाली. तुकडे पुन्हा आमच्याच शेडमध्ये आले. ओढ्यावरच्या चिरेशेजारचा एक तुकडा मी हातोड्याखाली मोडला. आकडा छान. दुसरा शिकंज्यात धरून अगदी सावकाश, अर्धा दिवस लावून वाकवला. तो वाकता वाकता मध्येच तडकला, जिथं चांगलं पोलाद घडी होईपर्यंत वाकलं असतं. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "तुमची पहिली चाचणी चुकली होती का?" मी म्हटलं, "चाचणी बरोबर होती. ती या कामाची नव्हती, आणि हे मला सही करताना माहीत होतं." त्यांनी शेवटचं वाक्य लिहून घेतलं की नाही, मला ठाऊक नाही. कुणी मला दोषी धरलं नाही. कागदावर मी कुठंच चुकले नव्हते.

जोगळेकर सरांना मी फोन केला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जेवलीस का?"

बबन आता वेल्डिंग करत नाही. त्यानं भोरला दुकान टाकलंय, ग्रील-बिल करतात तिथं, कामाला माणसं ठेवलीत. मी गेले की उजवा कान माझ्याकडे करून बसतो. "ताईनं वाचिवलं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. मी दरवेळी ठरवते, त्याला बोल्टांची गोष्ट सांगायची. अजून सांगितलेली नाही. ज्यात हे छापून येईल तो अंक त्याच्या हाती पडला तर त्याला इथंच कळेल.

निवृत्तीच्या महिन्यात मी एकदा विंझरच्या वर गेले. जुनी नळी काढून मऊ पोलादाची, जाड पत्र्याची नवी टाकली होती. या वेळी तुकडे बाहेर पाठवून, हायड्रोजनमध्ये सावकाश ओढून तपासले होते. कागद मी स्वतः वाचले होते. आकडे चांगले होते. ओढ्यावर तेच खांब, वर नवा पाइप, लख्ख ऊन. मी रस्त्यावरच थांबले. पुढे जायला पाय उचलेना.

हिराबाई शेळ्या घेऊन चढावरून येत होत्या. मला ओळखून थांबल्या.

"बाई, तुमी तपासनाऱ्या नव्हं?" त्यांनी विचारलं. "ह्यो नवा पैप बरा हाय का? शेरडं खालनं न्हेऊ का?"

एकतीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर कागदावर देत आले होते. समोर उभं राहून कुणी विचारलं नव्हतं.

"तपासलाय नीट," मी म्हटलं. "चांगला आहे असं कागद म्हणतोय. पण मावशी, खात्री मला देता येत नाही."

त्या रागावल्या नाहीत.

"मंग वरनं जातो," त्या म्हणाल्या, आणि शीळ घालून शेळ्या वळवल्या. वरची वाट लांबची होती. शेवटची शेळी डोंगराआड होईपर्यंत मी तिथंच उभी होते.